जुन्या निसण्याची पारख: धारेचा दगड कसा ओळखावा?

नवी दिल्ली: दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. बदलीचा आदेश आला किंवा निवृत्तीचा दिवस जवळ आला की येथील घरे रिकामी होऊ लागतात आणि माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली हत्यारांची पेटी खाली उतरते. शेजारच्या सरोजिनी नगर आणि किदवई नगर या वसाहतींतही हेच घडते. पेटीतील रंधा, करवत, पटाशी यांना गिऱ्हाईक मिळते. तळाशी असलेला, तेलाने काळाकुट्ट झालेला, लहान विटेच्या आकाराचा दगड मात्र कोणाच्याच खिजगणतीत नसतो. तो भंगाराच्या हातगाडीवर जातो किंवा कचऱ्यात पडतो.

हाच दगड पुढे जुन्या बाजारात एखाद्या होतकरू सुताराच्या किंवा हौशी कारागिराच्या हाती लागतो आणि प्रश्न उभा राहतो: हा नेमका कोणता दगड? काळ्या थराखाली कारखान्यात भाजलेला साधा दगड असू शकतो, परदेशातील खाणीतून आलेला दुर्मिळ नैसर्गिक दगड असू शकतो, किंवा स्वयंपाकघरातील ओट्याच्या फरशीचा निरुपयोगी तुकडाही असू शकतो. ओळख चुकली तर विकणारा मोलाची वस्तू कवडीमोलाने गमावतो आणि घेणारा फरशीच्या तुकड्याला निसण्याची किंमत मोजतो. शिवाय ओळख पटण्यापूर्वीच दगड घासून स्वच्छ केला, तर ज्या खुणांवरून तो ओळखता आला असता त्या कायमच्या पुसल्या जातात.

शब्द आणि परंपरा

हत्याराला धार लावण्याच्या दगडाला मराठीत निसणा म्हणतात. संस्कृतमधील ‘शाण’ या शब्दाशी नाते सांगणारा ‘सहाण’ हा शब्द आज प्रामुख्याने गंध उगाळण्याच्या दगडासाठी रूढ आहे. तलवारी आणि सुऱ्या घासून पाजळणारा तो शिकलगार. न्हाव्याचा वस्तरा, चांभाराची रापी, सुताराची पटाशी आणि शेतकऱ्याचा विळा या सर्वांना दगड लागतो; परंतु प्रत्येकाचा दगड निराळा असतो. विळ्याला भरड दगड चालतो, वस्तऱ्याला तो चालत नाही.

धार लावण्यासाठी भारतात पूर्वापार वापरले गेलेले खनिज म्हणजे कुरुंद. या खनिजाचे इंग्रजी नावही ‘कुरुंदम्’ या दक्षिण भारतीय शब्दावरून आलेले आहे. संस्कृतमध्ये त्याला कुरुविंद म्हणतात. कठीणपणाच्या प्रचलित मोजपट्टीवर हिऱ्याला १०, कुरुंदाला ९ आणि गारगोटीला ७ हे स्थान आहे. शिकलगार व रत्नांना पैलू पाडणारे कारागीर कुरुंदाची पूड लाखेत मिसळून त्याची चाके आणि वड्या तयार करीत असत. जुन्या बाजारात काळसर तपकिरी रंगाचा असा तुकडा मिळाल्यास तो उकळत्या पाण्यात टाकू नये. उष्णतेने लाख मऊ होते आणि दगडाचा आकार बिघडतो.

आधी पाहावे, मग धुवावे

जुना दगड घरी आणल्यावर पहिली इच्छा तो स्वच्छ करण्याची होते. ती आवरली पाहिजे. प्रथम दगडाच्या सहाही बाजू चांगल्या उजेडात पाहाव्यात आणि शक्य असल्यास त्यांची छायाचित्रे घ्यावीत. कागदी चिठ्ठीचा एखादा कोपरा, शाईचा पुसट शिक्का, लाकडी पेटीच्या झाकणावर कोरलेली अक्षरे, कडेवरील करवतीच्या रेषा, दोन थरांमधील जोड या गोष्टी तेलाच्या थराखाली अनेकदा शिल्लक असतात. पेटी आणि दगड वेगळे करू नयेत. मात्र पेटीवरील नाव हाच अंतिम पुरावा मानू नये. एक दगड तुटल्यावर त्याच पेटीत दुसरा बसवणे ही कारागिरांची नेहमीची रीत आहे.

चिठ्ठी किंवा खोका शिल्लक असेल तर त्यावरील मजकुरातून काळाचा अंदाज बांधता येतो. किंमत आण्यांत लिहिलेली असेल तर ती वस्तू १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू होण्यापूर्वीच्या वळणाची समजावी. ‘नवे पैसे’ असा उल्लेख असल्यास काळ १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. पत्त्यात सहा अंकी पिन कोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. त्याआधीच्या पत्त्यांत शहराच्या नावापुढे केवळ टपाल विभागाचा एक-दोन अंकी क्रमांक असे. पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर तो साधारणपणे १९९५ पूर्वीचा आणि ‘मद्रास’ असेल तर १९९६ पूर्वीचा. ‘वेस्ट जर्मनी’ हा उल्लेख १९४९ ते १९९० या काळाकडे बोट दाखवतो. जुना छापील साठा नंतरही काही काळ वापरला जातो, त्यामुळे या खुणांवरून नेमके वर्ष ठरत नाही. काळाची एक बाजू तेवढी निश्चित होते.

दगडाची झीजही बोलकी असते. लांबीच्या दिशेने मधोमध खोलगट झालेला दगड बहुधा सुताराकडचा. रंध्याचे पाते आणि पटाशी वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने तो असा झिजतो. अरुंद चर पडलेले असतील तर त्यावर गोल पटाशी किंवा चांभाराची आरी घासलेली असावी. होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता दगड शेतातील विळ्या-कोयत्यांसाठी असतो. पातळ, सपाट आणि जवळजवळ न झिजलेला गुळगुळीत दगड न्हाव्याच्या धोकटीतील असण्याची शक्यता असते, कारण वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवून अगदी हलक्या हाताने फिरवला जातो.

कारखान्यातील दगड

जुन्या पेट्यांमध्ये कारखान्यात बनवलेले दगड हमखास आढळतात. या उद्योगाची पार्श्वभूमी समजली तर ओळख सोपी होते. अमेरिकेतील संशोधक एडवर्ड अ‍ॅचिसन यांना १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार करता आला आणि १८९३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्याला त्यांनी ‘कार्बोरंडम’ हे व्यापारी नाव दिले. आजही हार्डवेअरच्या दुकानात कोणत्याही करड्या दगडाला याच नावाने हाक मारली जाते. जुन्या चिठ्ठीवर ‘नायगारा फॉल्स’ हे गाव दिसल्यास तो दगड मूळ अमेरिकी कंपनीचा असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरा प्रमुख पदार्थ अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी भट्टीत तयार केलेला कुरुंद. अमेरिकेतील नॉर्टन कंपनीचा ‘इंडिया’ या नावाचा तपकिरी-नारिंगी तेलदगड याच प्रकारचा आहे. भारतातून गेलेल्या कुरुंदावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. त्यामुळे दगडावर ‘इंडिया’ असे लिहिलेले दिसले म्हणजे तो भारतात बनला, असा समज करून घेऊ नये.

भारतातील उत्पादनाचा आरंभ महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी जोडलेला आहे. मुंबई बंदराच्या पलीकडे, उरणजवळच्या मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलचा उद्योग सुरू झाला. पुढे अमेरिकी नॉर्टनशी झालेल्या सहकार्यातून ‘ग्राइंडवेल नॉर्टन’ हे नाव रूढ झाले. नॉर्टन १९९० मध्ये फ्रान्सच्या सेंट गोबेन समूहाने विकत घेतली. तत्कालीन मद्रासमध्ये १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. जुन्या पेटीत या भारतीय कारखान्यांचा माल निघाल्यास त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. अखंड आणि सपाट असेल तर असा दगड आजही चोख काम देतो.

कारखान्यातील दगडाच्या खुणा अशा: आकार काटेकोर असतो, ८ इंच लांब, २ इंच रुंद आणि १ इंच जाड हे माप सर्वाधिक आढळते. सर्वत्र कण सारखे असतात, शीर किंवा डाग दिसत नाही. भिंगातून पाहिल्यास कणांच्या मध्ये बारीक छिद्रे दिसतात. सिलिकॉन कार्बाइडचा रंग करडा, काळा किंवा हिरवट असतो आणि उन्हात त्याचे कण चमचमतात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड तपकिरी, नारिंगी, गुलाबी किंवा पांढरे असते. एक बाजू भरड व दुसरी बारीक असेल आणि दोहोंमधील रेषा सरळ असेल, तर तो दुहेरी दगड कारखान्यातीलच असल्याचे जवळजवळ निश्चित समजावे.

खाणीतील दगड

नैसर्गिक दगडांमध्ये चार गट लक्षात ठेवल्यास पुरे.

पहिला गट नोव्हाक्युलाइटचा. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या वॉशिटा पर्वतरांगेत मिळणारा हा दगड म्हणजे अतिसूक्ष्म कणांची गारगोटीच होय. तो पांढरा, करडा, डागाळलेला किंवा काळा असतो. त्याच्या सर्वांत घट्ट प्रकाराच्या कडेला मागून विजेरी लावल्यास प्रकाश आत झिरपताना दिसतो. ‘वॉशिटा’ नावाने विकला जाणारा प्रकार अधिक सच्छिद्र असून लोखंड लवकर झिजवतो.

दुसरा गट बेल्जियमच्या आर्देन भागातील पिवळसर ‘कोटिक्युल’ दगडाचा. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात आणि वस्तऱ्यासाठी तो नावाजलेला आहे. त्याचा पिवळा थर पातळ असल्यामुळे त्याखाली जांभळट किंवा काळसर पाटीच्या दगडाचा आधार असतो. हा जोड कधी निसर्गतः असतो, तर कधी चिकटवलेला. कारखान्यातील दुहेरी दगड समजून तो टाकून दिला जाऊ शकतो. मात्र नैसर्गिक जोडाची रेषा थोडी वाकडीतिकडी असते, ही खूण विसरू नये.

तिसरा गट पाटीच्या दगडाचा, म्हणजे स्लेटचा. जर्मनीतील थुरिंजिया आणि ब्रिटनमधील वेल्स येथील असे दगड प्रसिद्ध आहेत. त्यांचा रंग करडा, निळसर, हिरवट किंवा काळा असतो आणि कडेला पापुद्र्यांचे थर जाणवतात.

चौथा गट वालुकाश्माचा. तो हाताला खरखरीत लागतो, पाणी चटकन पितो आणि विळा, कोयता, कुऱ्हाड यांसाठी उपयुक्त असतो.

घरच्या घरी कसोट्या

पुढील कसोट्या साध्या आहेत. मात्र कोणत्याही एकीवर विसंबून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन कसोट्यांचे उत्तर जुळले तरच ते ग्राह्य धरावे.

थेंबाची कसोटी: स्वच्छ केलेल्या जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवावा. क्षणात जिरला तर दगड सच्छिद्र आहे; कारखान्यातील भरड दगड किंवा वालुकाश्म असे वागतात. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर एक तर दगड घट्ट आहे किंवा त्यात अजून तेल आहे. म्हणून ही कसोटी स्वच्छतेनंतरच घ्यावी.

लिंबाची कसोटी: फरशीचा तुकडा ओळखण्यासाठी ही उपयोगी पडते. राजस्थानचा कोटा आणि ओट्यासाठी वापरला जाणारा काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. दगडाच्या खालच्या बाजूस खिळ्याने थोडे खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस टाकावा आणि भिंगातून पाहावे. बारीक बुडबुडे आले तर दगडात चुना आहे. असा दगड लोखंडाने सहज ओरखडला जातो. गारगोटी, गार्नेट किंवा कुरुंद यांवर लिंबाचा असा परिणाम होत नाही. काळा आणि गुळगुळीत म्हणून महागडा आर्कान्सा समजून कडप्पा विकत घेण्याची चूक या कसोटीने टळते.

वजनाची कसोटी: स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रथम कोरड्या दगडाचे वजन करावे. नंतर काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा. दगड दोऱ्याने बांधून, भांड्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडेल असा पाण्यात धरावा. काट्यावर जो आकडा दिसेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. उदाहरणार्थ, दगड ४८० ग्रॅम आणि पाण्यातील आकडा १९० ग्रॅम असेल तर घनता सुमारे २.५३ येते. गारगोटीची घनता २.६५ असल्याने नोव्हाक्युलाइट त्याहून जड नसतो. घट्ट प्रकार २.५ च्या पुढे आणि सच्छिद्र प्रकार त्याखाली असतो. पाटीचा दगड साधारण २.७ ते २.८ भरतो. गार्नेटमुळे निव्वळ कोटिक्युल ३ च्याही पुढे जातो. पाठीला स्लेट असेल तर आकडा खाली येतो. कारखान्यातील दगड छिद्रांत पाणी ओढून घेत असल्याने त्यांच्या बाबतीत ही कसोटी भरवशाची नाही.

आवाजाची कसोटी: दगड दोन बोटांवर तोलून नाण्याने हलकेच वाजवावा. घट्ट, अखंड दगड टणत्कार देतो. आवाज बद्द आला तर भेग असण्याची शंका घ्यावी. सच्छिद्र किंवा तेलाने भरलेला दगड अखंड असूनही बद्द वाजतो, हे ध्यानात ठेवावे.

पात्याची कसोटी: ही सर्वांत महत्त्वाची. एखादी साधी सुरी दगडावर दहा-बारा वेळा फिरवून पात्यावरील ओरखडे भिंगातून पाहावेत. शेजारी क्रमांक माहीत असलेल्या नव्या दगडावर घासलेले पाते ठेवून तुलना करावी. ठळक ओरखडे पडले तर दगड भरड. पाते आरशासारखे चमकू लागले तर बारीक. पात्यावर काहीच फरक पडला नाही आणि ते नुसते घसरत राहिले, तर दगडाचा पृष्ठभाग तेलाने व लोखंडाच्या भुकटीने भरला आहे किंवा तो धारेचा दगडच नाही.

स्वच्छता आणि सावधगिरी

भारतात दगडावर मोहरीचे, खोबऱ्याचे किंवा गोडे तेल घालण्याची सवय आहे. ही खाद्यतेले कालांतराने डिंकासारखी घट्ट होतात आणि दगडाची छिद्रे बुजवतात. यंत्राच्या पातळ खनिज तेलाचे तसे होत नाही. जुने तेल काढण्यासाठी कारागीर रॉकेल वापरत आले. दिल्ली २०१४ मध्ये रॉकेलमुक्त शहर म्हणून घोषित झाल्यापासून तेथे ते सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन किंवा भांडी घासण्याचा साबण आणि कोमट पाणी यांनीही काम होते. फक्त काही दिवस धीर धरावा लागतो. ज्वलनशील द्रव वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास शेगडी किंवा दिवा नसावा आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून न ठेवता मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात. दगड थेट आचेवर कधीही ठेवू नये. अचानक उष्णतेने तो तडकतो.

खोलगट दगड सपाट करण्यासाठी जाड काचेवर ओला सिलिकॉन कार्बाइडचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर तो घासतात. हे काम पाण्यातच करावे. कोरडा दगड यंत्राने घासू किंवा कापू नये. नोव्हाक्युलाइट, स्लेट आणि वालुकाश्म या सर्वांत गारगोटी असते आणि तिची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात साचल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीवरील पेन्सिली बनवणाऱ्या आणि गुजरातमधील खंबातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांनी या धुळीची किंमत प्राणांनी मोजली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीची गणना माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केली. एखादा दगड सपाट करण्याने कोणी आजारी पडत नाही. पण सवय पहिल्या दगडापासूनच चांगली लागावी.

बाजारात घ्यायचा झाल्यास

दिल्लीत जामा मशिदीच्या परिसरातील जुना बाजार, मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार आणि पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार ही अशा वस्तूंची परिचित ठिकाणे होत. जाताना भिंग, पाण्याची लहान बाटली, विजेरी आणि एक साधी सुरी जवळ असावी. विक्रेत्याची परवानगी घेऊन दगड पुसावा. तडा, निखळलेला जोड आणि मोठा खड्डा या तीन दोषांकडे आधी पाहावे. किंचित तुटलेला कोपरा किंवा मधला खोलगटपणा हा दोष नव्हे. किंमत कमी करून घेण्याचे ते रास्त निमित्त असू शकते.

किंमत ठरवताना नावापेक्षा कामाला महत्त्व द्यावे. चिठ्ठी नसलेल्या दगडाचा देश आणि खाण केवळ डोळ्यांनी पाहून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. भरड, मध्यम की बारीक. तेलाचा की पाण्याचा. अखंड की भेगाळलेला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की वापरणाऱ्याच्या दृष्टीने ओळख पुरी होते.

आणि पेटी रिकामी करणाऱ्या घरांसाठी सूचना एवढीच: लक्ष्मीबाई नगरात असो किंवा लातुरात, तळाचा काळा दगड हातगाडीवर टाकण्यापूर्वी तो कोणाचा होता आणि त्यावर कोणते हत्यार घासले जाई, एवढे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून दगडासोबत ठेवावे. काटा, लिंबू आणि भिंग यांना जे सांगता येत नाही, ते त्या दोन ओळी सांगतात.